शेजारी कोण बसलं होतं?

संपादकांनी विषय दिला ‘ताट’, आणि वर बजावलं, पाककृती नकोत. तेव्हा पौष चालू होता. माझं आजोळ मेहकर तालुक्यातलं. पौष वद्य सप्तमी जवळ आली की त्या भागात ताट म्हटल्यावर एकच ठिकाण आठवतं. मी पिशवी भरली आणि हिवरा आश्रमची एसटी धरली.

विवेकानंद जयंतीचा इथला उत्सव तीन दिवसांचा. शेवटच्या दिवशी महाप्रसाद, म्हणजे पुरी आणि वांग्याची भाजी. एवढंच, पण लाखो माणसांना. मोकळ्या रानात रांगा आखलेल्या, माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, आणि रांग संपते कुठं ते बसल्या जागेवरून दिसत नाही. बादल्या घेऊन वाढायचं म्हटलं तर दिवस मावळेल, म्हणून वाढायला ट्रॅक्टर. पुऱ्यांनी भरलेली ट्रॉली दोन रांगांमधून मुंगीच्या पावलानं सरकते, तिच्यावरची पोरं दोन्ही अंगांना वाढत जातात, मागून भाजीची ट्रॉली येते. आश्रम उभारणाऱ्या शुकदास महाराजांनी लावलेली ही शिस्त. महाराज 2017 मध्ये गेले, पंगत चालूच आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी घासाला हात लावत नाही. माझ्या पुढ्यातल्या भाजीवर धुळीचा एक पापुद्रा बसला, तो मी बोटानं बाजूला केला, आणि मग जेवले. असं वांगं घरी होत नाही.

माझ्या डावीकडं बसलेल्या बाई साठी उलटलेल्या, केस आखूड, मांडीवर कापडी पिशवी. सरकारी रुग्णालयात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. हुद्दा समाजसेवा अधीक्षक, वैद्यकीय. लोक म्हणायचे ‘त्या सोशल वर्करबाई’. नाव छापायचं नाही या अटीवर बोलल्या, म्हणून इथं ताईच म्हणते. मी माझ्या विषयाबद्दल उत्साहानं बोलत होते आणि त्या समोरच्या रांगेत बघत होत्या.

“ती निळ्या स्वेटरची मुलगी बघा. बघू नका, नुसती नजर फिरवा.”

पंधरा-सोळा वर्षांची असेल. पुरीचे बारीक बारीक तुकडे करून ती ते पत्रावळीच्या कडेनं मांडत होती. एक तुकडा तोंडात जायचा, दोन शेजारच्या धाकट्या भावाच्या पानात. भाजी पसरून पसरून तिनं अशी केली होती, की बरीच संपल्यासारखी वाटावी. पंगत उठली तेव्हा पान दुमडून तिनं आत काय उरलंय ते झाकलं. आई शेजारीच होती, ती वाढप्याला भाजी मागत होती.

“म्हणजे तिला...?” मी विचारलं.

“म्हणजे काही नाही. एका पंगतीवरून काही ठरत नसतं. सर्दीही असेल.” ताई उठल्या, साडीची धूळ झटकली. “पण माझी नजर जाते, त्याला इलाज नाही.”

माझा लेख तिथं वळला. ताटावर लिहायला आले होते, आणि ताट समोर असून जेवता न येणाऱ्यांच्या गोष्टीत शिरले.

आमच्या घरातलं

शिरले म्हणते, पण ही गोष्ट मला नवी नव्हती. नव्वदच्या दशकात माझी मामेबहीण दहावीत होती. आधी तिनं गुरुवार धरला. बुलडाणा जिल्ह्यात शेगावच्या गजानन महाराजांचा गुरुवार धरणं यात कोणाला काय वावगं वाटणार? मग सोमवार. मग चतुर्थी, एकादशी. मामी शेजारणीला कौतुकानं सांगायची, “पोरगी देवाचं लय करते माय.” दिवाळीपर्यंत तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. विचारलं की एकच उत्तर, “पोट फुगते, जातच नाही.”

मग जे सगळीकडं होतं ते झालं. गॅसच्या गोळ्या. क्षयाची तपासणी. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. सलाइनच्या बाटल्या. मधेच नजर उतरवणं आणि एक काळा दोरा. शेवटी मामा तिला मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात घेऊन गेले. तिथं आजाराचं नाव कळलं. आणि नावासोबत मामीला हेही ऐकवण्यात आलं, की आईच्या वागण्यामुळं मुली अशा होतात. मामी परत आली ती गप्पच. “मायचंच चुकलं म्हणते डाक्टर,” एवढं एकदा माझ्या आईजवळ बोलली. पुढं कित्येक महिने मुलीच्या आधी मामीच ताटावरून उठायची.

बहीण सावरली. सात वर्षं गेली.

हे मी ताईंना आश्रमाच्या आवारातल्या एका कट्ट्यावर बसून सांगितलं. औषध कोणतं दिलं, किती किलोवर आली होती, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “जेवताना शेजारी कोण बसायचं?”

मला आठवायला वेळ लागला. आजी. मामांची आई. तिला दात नव्हते, ती भाकरी दुधात कुस्करून तासभर जेवायची. सगळे उठून गेले तरी ती आणि बहीण दोघीच चुलीपाशी बसलेल्या असायच्या. आजी जेव म्हणायची नाही. कापसाच्या भावाबद्दल, वांझोट्या म्हशीबद्दल, मेलेल्या माणसांबद्दल बोलत राहायची.

“तुमच्या घरात टीम होती,” ताई म्हणाल्या. “तिला पगार नव्हता, एवढंच.”

उठाठेव करणारं माणूस

ज्या देशांत या आजाराचे वेगळे विभाग आहेत, तिथं एका रुग्णाभोवती पाच-सहा जण असतात. शरीर सांभाळणारा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ, परिचारिका, आणि सामाजिक कार्यकर्ता. पहिल्या पाचांचं काम कोणालाही सांगता येतं. सहाव्याचं काय, असं विचारलं तर लोक घुटमळतात. फॉर्म भरतो, समजूत घालतो, असं काहीतरी.

ताईंचं उत्तर सरळ होतं. “बाकीचे पाच जण मुलीला दवाखान्यात बघतात. मी ती जिथं परत जाणार ते घर बघते.”

हे ऐकायला सोपं आहे. त्यामागं शंभरावर वर्षांचा घोळ आहे. 1873 मध्ये पॅरिसच्या लासेग यांनी आणि त्याच सुमारास लंडनच्या विल्यम गल यांनी या न जेवण्याच्या आजाराचं वर्णन केलं. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव गल यांचं. त्यांचा सल्ला असा, की अशा रुग्णांना वेळच्या वेळी खाऊ घालावं, आणि ते काम घरच्यांकडं देऊ नये, कारण नातेवाईक सर्वांत वाईट सेवक ठरतात. पुढची अनेक दशकं पोरीला घरापासून तोडणं हाच उपचार समजला गेला. मामीला जे ऐकवलं गेलं त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

1970 आणि 80 च्या दशकांत लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात हे उलटं फिरवलं गेलं. तिथल्या मंडळींनी आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढलं आणि परिचारिकेच्या जागी बसवलं. जेवण हे औषध, ते आईबाप देणार, आजार वेगळा आणि मुलगी वेगळी, आणि आजार कोणामुळं झाला हा प्रश्न सध्या बाजूला. 1987 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी वयाच्या, आजार तीन वर्षांहून जुना नसलेल्या मुलींना या पद्धतीचा स्पष्ट फायदा दिसला. या उपचारात एका भेटीला अख्खं कुटुंब डबा घेऊन येतं आणि उपचार करणाऱ्यांसमोर बसून जेवतं. कोण वाढतं, कोण टोमणा मारतं, कोण हळूच मुलीच्या बाजूनं अर्धी पोळी परत टोपल्यात टाकतं, सगळं त्या तासाभरात दिसतं.

ताईंनी हे पुस्तकात पुष्कळ नंतर वाचलं. त्यांना घरोघर फिरून आधीच कळलेलं होतं.

वैद्यकीय समाजकार्य या पेशाचा जन्मही अशाच एका जाणिवेतून झाला. 1905 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आलं, की ज्याच्या घरात विश्रांतीला जागा नाही आणि दुधाला पैसे नाहीत, त्याला ‘विश्रांती घ्या, दूध प्या’ असं लिहून देण्यात अर्थ नाही. त्यांनी घरी जाऊन बघणारं माणूस नेमलं. आपल्याकडं 1936 मध्ये मुंबईत पुढं टाटा समाजविज्ञान संस्था झालेलं विद्यालय सुरू झालं, आणि 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याची नेमणूक झाली. म्हणजे पद जुनं आहे. पण ताई म्हणतात, वॉर्डात त्यांना पहिली दहा वर्षं फक्त दोन कामांसाठी हाक यायची. बिल माफ करून द्या, आणि बेवारस माणसाच्या नातेवाइकांना शोधा.

एक थांबा आधी

गृहभेटीला ताई कधी रुग्णालयाच्या गाडीतून जात नसत. सरकारी जीप दारात उभी राहिली की संध्याकाळपर्यंत पोरीचं लग्न मोडलेलं असतं. त्या एसटीनं जायच्या आणि एक थांबा आधी उतरायच्या. हातात फाइल नाही, कापडी पिशवी. कोणी विचारलं तर “मावशीच्या ओळखीची.” दारात पाणी मागायचं, आणि प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जायचं.

“तिथं काय बघता?”

“टोपलं कुठं आहे. ताटं किती आहेत. आरसा कुठं लावलाय. न्हाणीघराची कडी आतून आहे की बाहेरून.”

न्हाणीघराचं मला समजलं नाही. या आजाराचं एकच रूप नसतं. काही जणी उपाशी राहतात. काही जणी घाईघाईनं, लपून, पोट दुखेपर्यंत खातात आणि मग ओकून टाकतात. 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी त्याला ‘बुलिमिया नर्व्होझा’ हे वेगळं नाव दिलं. ओकारीनं शरीरातलं पोटॅशियम उतरतं, त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, आणि वरून मुलगी चांगली भरलेली दिसते, त्यामुळं कोणाला शंका येत नाही. म्हणून जेवणानंतरचा एक तास महत्त्वाचा. त्या तासात मुलीनं एकटीनं उठू नये, पण तिला कैद्यासारखंही वाटू नये. ताई घरच्यांना सांगायच्या, शेंगा फोडायला बसवा, वाती वळायला घ्या, शेजारी बसा आणि जेवणाबद्दल अवाक्षर काढू नका. माझी आजी म्हशीबद्दल बोलायची ते याच तासात.

मग त्या वहीचं पान काढत. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, रेघांनी तीन पिढ्या जोडायच्या. प्रत्येकाला तोच प्रश्न: घरात आधी कोण जेवतं, शेवटी कोण? एकदा त्यांनी एका घरातल्या बायकांच्या गोलांत जेवायच्या वेळा लिहिल्या. आजेसासू तीनला. सासू साडेतीनला. सून चारला, उरलं असेल तर. त्या घरातली मुलगी आठ महिने जेवत नव्हती आणि ते कोणाला दिसलं नव्हतं, कारण बायका जेवतात का, हे बघायची त्या घरात पद्धतच नव्हती. पुरुषांची पंगत उठली की भांड्यात काय उरलं आणि कोणी खाल्लं, याचा हिशोब कोणाकडं नसतो.

मला वाटतं, पाश्चात्त्य पुस्तकांत आपलं हे घर सापडणार नाही ते इथंच. तिथं कुटुंब एका टेबलाशी बसतं असं धरूनच सगळं सुरू होतं. इथं आधी टेबल बसवावं लागतं. ताईंचा पहिला आग्रह असायचा, मुलीला पुरुषांच्या पहिल्या पंगतीला बसवा, बापाच्या शेजारी. बाप अवघडायचे. एकानं दोन आठवडे लेकीकडं पाठ करून जेवण केलं. पण केलं शेजारीच बसून.

दोनशे मिली दूध

आहारतज्ज्ञ तक्ता देतात. तो बरोबरच असतो. दूध 200 मिली, ब्रेडचे दोन तुकडे, पनीर 50 ग्रॅम. मेहकरच्या पुढं आडवाटेच्या गावात ब्रेड आठवडी बाजाराला येतो आणि पनीर लग्नात. ताई तक्ता घेऊन आहारतज्ज्ञाकडंच बसायच्या आणि त्याची भाकरी करून आणायच्या. अर्धी ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, शेंगदाण्याच्या चटणीवर सुटं तेल, आणि ते तेल मुलीनं नाही तर आईनं ओतायचं.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र उलटी असते. सहा महिने न जेवलेली पोर घास घ्यायला लागली, की घरच्यांना हर्ष आवरत नाही. डिंकाचे लाडू येतात, मामा जिलेबी आणतो. आणि तिथंच जिवाला धोका असतो. दीर्घ उपासमारीनंतर शरीराला एकदम अन्न मिळालं, की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं, आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हे लक्षात आलं होतं. म्हणून सुरुवात बेतानं, रक्त तपासत तपासत. डॉक्टर हे राउंडला दोन वाक्यांत सांगून पुढच्या खाटेकडं जातात. डबा घेऊन आलेल्या आजीला ते दहा वेळा, तिच्या भाषेत कोणी सांगायचं? ताई म्हणायच्या, “आजी, दुष्काळातल्या बैलाला पहिल्या दिवशी पोटभर हिरवा चारा घालता का?” आजीला तत्क्षणी पटायचं.

घरच्यांचा दुसरा समज, की पोरगी हट्टी आहे. त्यासाठी ताई एक गोष्ट सांगतात. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, घासभर अन्न तासभर चघळू लागले. त्यांना मुळात कोणताच आजार नव्हता. अर्ध्याअधिक खोडी भुकेच्याच असतात, हे एकदा बापाला कळलं की त्याचा आवाज खाली येतो.

आणि “पोट फुगते” हे उत्तर? बारीक होण्याची हौस कुठं आहे, मग हा तो आजार नव्हेच, असं आमच्याकडं दोन डॉक्टर म्हणाले होते. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात दाखवून दिलं, की तिथल्या अनेक रुग्ण मुली जाडीची भीती सांगतच नाहीत, पोट भरल्यासारखं वाटतं एवढंच म्हणतात. 1995 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच भारतीय तरुणींची हकिगत छापली, तीही पाठ्यपुस्तकाशी पुरती जुळत नव्हती. मामेबहिणीचं वाक्य तेव्हा कुठल्यातरी नियतकालिकात पोचलेलं होतं. आमच्या तालुक्यात यायचं होतं.

उपास सोडताना

देवाधर्माला हात लावायची वेळ आली की ताई सावध होतात. “उपास वाईट आहे असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दुसऱ्या भेटीला दार उघडलं नसतं.” त्या विचारतात, उपास सोडते कधी? सोडताना काय खाते? घरातल्या इतरांनी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी खाल्ली आणि हिनं फक्त पाणी प्यायलं, तर तो घरचा उपास नाही, तो हिचा एकटीचा आहे. हा फरक आईला बरोबर कळतो. एका घरी त्यांनी आजीलाच सांगितलं, की नवस तुम्ही तुमच्या नावावर घ्या, पोरीनं नैवेद्याचं ताट संपवायचं. आजीनं वर्षभर गुरुवार केले.

दोरा बांधणाऱ्यावरही त्या भांडत नाहीत. “दोरा राहू दे मनगटात. तो सैल झाला की मला फोन करा.” वजनकाटा नसलेल्या घरात तेवढाच काटा.

म्हशीची धार कोण काढणार

आता थोडं कागदांचं, लवकर उरकते. वेगळा विभाग वगैरे इथं विसरा. अशी मुलगी आधी पोटाच्या, मग बायकांच्या, मग मनोविकाराच्या ओपीडीत फिरते. मेहकरकडून गाठायचं तर अकोल्याचं सर्वोपचार किंवा संभाजीनगरची घाटी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचं पद असतं. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांसाठी आलेल्या प्रेरणा प्रकल्पात बुलडाणाही आहे. फोनवर बोलायला टेलिमानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या सामाजिक कार्यकर्त्यांच्या नोंदणीची तरतूद केली.

त्याच कायद्यात आहे, की अल्पवयीन मुलीला दाखल केलं तर सोबतीला बाई हवी. नियम चांगला. पण सोबत म्हणजे बहुधा आई, आणि आई तीन आठवडे अकोल्यात राहिली तर गावी स्वयंपाक कोण करणार, म्हशीची धार कोण काढणार, सोयाबीनच्या सोंगणीचं काय? अर्धवट उपचार सोडून लोक घरी जातात ते बहुतेक अशा कारणानं. ताईंची निम्मी ताकद इथं जायची. चुलतीला फोन, दूध डेअरीवाल्याला फोन, मुख्याध्यापकांना पत्र, की हिला कवायतीतून सूट द्या आणि मधल्या सुट्टीत डबा खाताना एखाद्या बाईंनी सहज शेजारी बसावं, वर्गापुढं नाव न घेता. डॉक्टरांच्या केसपेपरवर यातलं काही दिसत नाही. तिथं फक्त ‘वजन 400 ग्रॅम वाढले’ असं लिहिलेलं असतं.

मी विचारलं, किती बऱ्या झाल्या? ताईंनी आकडा दिला नाही. मानसिक आजारांत जीव जाण्याचं प्रमाण ज्यांत सर्वाधिक आहे त्यांतला हा एक, हे त्या विसरत नाहीत. एक मुलगी त्यांनी गमावली. तिच्या घरी त्या चार वेळा गेल्या होत्या. पाचव्या वेळी महिनाअखेर होती, प्रवासभत्त्याचं बिल अडकलं होतं, त्यांनी पुढचा आठवडा धरला. त्यावर त्या जास्त बोलल्या नाहीत.

मेहकर स्टँड

संध्याकाळी आम्ही एकाच गाडीनं मेहकरला आलो. महाप्रसादाची गर्दी पांगत होती, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंचा फोन वाजला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वाजतो. त्यांनी एका कानावर हात ठेवला.

“हं, बोला... पाऊण? अख्खी पाऊण?... बरं.” चेहऱ्यावर काही नाही. “शेजारी कोण बसलं होतं?”

पलीकडून बरंच काही सांगितलं गेलं. गाडी लागल्याची घोषणा झाली, मला फक्त ‘टीव्ही बंद करून’ एवढं ऐकू आलं.

“चांगलं झालं. उद्याही त्यांनाच बसू द्या.” ताई पिशवी उचलून गाडीकडं चालायला लागल्या, फोन तसाच कानाला. पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या.

“आणि तुम्ही? तुम्ही केव्हा जेवलात?”